तुझं म्हणणं काय?

सातवीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडला की पहिल्या दहा-बारा पेपरांतच मला सगळ्या वर्गाचं स्वमत कळतं, कारण ते एकच असतं. प्रश्नात 'तुमच्या शब्दांत लिहा' असं ठळक छापलेलं असतं आणि खाली ५५ मुलांचे शब्द अगदी तेच असतात: पाठ 'मनाला भिडणारा', शैली 'ओघवती', संदेश 'मोलाचा'. एका वर्षी गाइडात 'संवेदनशीलता'मधला 'न' छपाईत गळला होता. तो १९ पेपरांत गळला. मी लाल पेनानं १९ वेळा 'न' लिहिला, मग पेन ठेवून चहा करायला उठले.

मुलांवर चिडण्यात अर्थ नव्हता. आपल्या शाळांत फळ्यावर सर्वांत जास्त वेळा लिहून दिलं जाणारं उत्तर कुठलं, तर स्वमताचं. रिकाम्या जागा मूल स्वतः भरतं, समानार्थी शब्द स्वतः शोधतं, मत मात्र बाई सांगतात. प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली, 'आकलन', 'स्वमत', 'अभिव्यक्ती' असे रकाने आले. हेतू चांगलाच होता. पण रकाना आखला म्हणून त्यात मत येऊन बसत नाही. मत कसं तयार होतं आणि ते दुसऱ्यासमोर उभं कसं करायचं, हे शिकवायला वेळापत्रकात तासच नाही.

माझा आग्रह असा आहे की सहावी ते आठवीच्या मुलांना एखाद्या गोष्टीबद्दल किंवा कवितेबद्दल स्वतःचं एक म्हणणं मांडायला आणि ते तिच्यातल्याच शब्दांच्या आधारानं पटवून द्यायला शिकवावं. मराठीतून, आणि नववी-दहावीची घाई सुरू व्हायच्या आत. इंग्रजी शाळांत याला थीसिस एसे म्हणतात. अमेरिकेत २०१० साली आलेल्या 'कॉमन कोअर' निकषांत सहावीपासूनच दावा, कारणं आणि पुरावा अशा लेखनाची अपेक्षा आहे. तिकडच्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांना जे झेपेल असं धरलं आहे, ते भांडुपच्या मुलांना झेपणार नाही असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

'थीसिस' हा शब्द मी पालकसभेत एकदाच वापरला. एक वडील म्हणाले, "बाई, सातवीत आहे तो. पीएचडीचं नंतर बघू." 'प्रबंध' म्हणावं तर तीच गत. शेवटी मी 'म्हणणं' या शब्दावर आले आणि लक्षात आलं की हाच शब्द पहिल्यापासून हाताशी होता. सोसायटीच्या मीटिंगमध्ये जो उठतो तो 'माझं म्हणणं असं की' अशीच सुरुवात करतो. चाळीतल्या नळावरच्या भांडणात पुरावाही असतो ("सहा वाजून दहा मिनिटांनी तुझी बादली होती, मी बघितली") आणि समोरचीचं म्हणणं आधी आपणच सांगून ते खोडून काढायची तऱ्हाही असते ("तू म्हणशील काल पाणी कमी आलं, पण…"). शास्त्रीपंडित याला पूर्वपक्ष म्हणत. नळावरच्या बायकांना तो शिकवावा लागत नाही. शाळेत आल्यावर तो विसरायला मात्र लावला जातो.

सुरुवात मी चिऊ-काऊच्या गोष्टीनं केली. "बाई, हे बालवाडीचं आहे," म्हणून वर्ग हसला. पण तिच्यावर गाइड नाही, आणि ती कोणाला वाचून दाखवावी लागत नाही. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस आला, कावळ्याचं घर वाहून गेलं, तो चिमणीच्या दारात आला. फळ्यावर मी एवढंच लिहिलं: 'चिमणी वाईट वागली.' हो की नाही?

पहिली पाच मिनिटं नुसता गोंगाट. मग एक मुलगा उभा राहिला. त्याची इमारत पाडून बरीच वर्षं झालीत, घरचे सगळे संक्रमण शिबिरात, नवी इमारत होईपर्यंतच्या तात्पुरत्या खोलीत, राहतात. म्हणाला, "चिमणीचं बरोबर आहे. एकदा आत घेतलं ना बाई, की मग निघत नाही कोणी. आमच्या बाजूच्या खोलीत तसंच झालंय."

मी म्हटलं, "ते बाजूच्या खोलीत झालं. गोष्टीत कुठे आहे?"

तो अडकला. मला वाईट वाटलं, कारण त्याचं बोलणं वर्गातलं सर्वांत खरं बोलणं होतं. पण आयुष्यातला दाखला आणि गोष्टीतला पुरावा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे शिकवायला त्याच्यापेक्षा चांगली वेळ मिळाली नसती. तो घुश्शात बसला. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी, जी कधी बोलत नाही, म्हणाली, "बाई, चिमणी एकदाही 'नाही' म्हणत नाही. ती 'थांब' म्हणते. दर वेळी."

वर्ग गप्प झाला. मीही. इतकी वर्षं ही गोष्ट सांगत आले, माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. मागून कोणीतरी ओरडलं, "थांब म्हणजे नाहीच! आमचा बिल्डर पण थांबच म्हणतो!" सगळे हसले. पण या हसण्याआधी दोन कामं झाली होती. एकीनं गोष्टीतला नेमका शब्द उचलला होता आणि दुसऱ्यानं त्या शब्दाचा अर्थ काय लावायचा यावर वाद घातला होता. साहित्याची समीक्षा म्हणून जे काही थोर चालतं ते फार वेगळं नसतं.

लगेच दुसरं भांडण लागलं. कोणाच्या घरच्या गोष्टीत कावळा तापल्या तव्यावर बसून भाजतो, कोणाच्या घरी तो आत येऊन हरभरे खातो, कोणाच्या घरी गोष्ट दार उघडल्यावर संपते. मग आम्ही एकच रूप ठरवलं, दार उघडेपर्यंतचं. चौदा ओळींत फळ्यावर लिहिलं, ओळींना आकडे दिले. नियम असा की काहीही बोलायचं तर ओळीचा आकडा सांगायचा. "आमच्या आजीची गोष्ट वेगळी आहे," शिबिरातला मुलगा कुरकुरला. मी म्हटलं, आज फळ्यावरची.

खरा वेळ बोलण्याकडून लिहिण्याकडे येताना लागला. त्या मुलीनं पहिल्यांदा लिहिलं: 'चिमणी वाईट नव्हती.' मी समासात विचारलं, मग कशी होती? आठवड्यानं आलं: 'चिमणीला नाही म्हणता येत नव्हतं.' मी विचारलं, कशावरून? आणखी दोन आठवडे गेले. मधे सहामाही झाली, एक शनिवार पावसात गेला. मग वहीत हे वाक्य आलं: 'चिमणीला कावळा घरात नको होता पण तोंडावर नाही म्हणायची तिची हिंमत नव्हती म्हणून ती बाळाला पुढे करत राहिली.'

विरामचिन्ह एकही नाही. पण शेवटचे चार शब्द बघा. अंघोळ बाळाची, काजळ बाळाचं, अंगडं बाळाचं, झोपायचं बाळाला. चिमणी स्वतःचं असं एकही कारण देत नाही. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिनं ओळी मोजून काढलं होतं. त्या एका वाक्यात अख्ख्या निबंधाचा आराखडा आहे: आधी नको होता हे दाखवायचं, मग हिंमत नव्हती हे, मग बाळ. 'प्रस्तावना, मुद्दे, समारोप' असा तक्ता फळ्यावर काढायची गरज पडली नाही.

मी मुलांना एकच कसोटी दिली आहे. म्हणणं लिहून झालं की विचारायचं, याच्या उलट बोलणारा शहाणा माणूस सापडेल का? 'चिमणीचं घर मेणाचं होतं' याच्या उलट कोणी बोलणार नाही, ती माहिती झाली. 'या कवितेत निसर्गाचे सुंदर वर्णन आहे' याच्याही उलट कोणी बोलत नाही. तेही म्हणणं नाही, पाठ केलेली स्तुती आहे. ही कसोटी लावली तर आपल्या उत्तरपत्रिकांमधली बहुतेक वाक्यं गळून पडतात. शिक्षकांच्या सेवानिवृत्ती समारंभातली भाषणंही पडतील, पण तो विषय वेगळा.

म्हणण्यापेक्षा अवघड असतो तो सांधा. मूल ओळ देतं आणि उडी मारतं: 'ओळ ७ मध्ये चिमणी म्हणते, बाळाला काजळ घालू दे. म्हणून ती वाईट आहे.' ओळ आणि 'म्हणून' यांच्यामधे काहीच नाही. मी तिथे पेन्सिलीनं एक रिकामा चौकोन काढते आणि वही परत देते. चौकोनात कोणी लिहितं, 'बाहेर पाऊस पडतोय तेव्हा काजळाची घाई नसते.' झाला सांधा. हे वाक्य मुलाचं स्वतःचंच असावं लागतं, ते पाठात नसतं आणि गाइडातही नसतं. सातवीत वर्षभरात एका मुलाला असे दहा चौकोन भरता आले तरी मला पुरे.

आता रसग्रहणाबद्दल. दहावीला ४ गुणांचं रसग्रहण येतं: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. हे तीन मुद्दे वाईट नाहीत. कवितेकडे तीन बाजूंनी बघायची ती चांगली सोय आहे. पण त्यातल्या दोन मुद्द्यांच्या नावातच 'सौंदर्य' बसलंय. निकाल आधी लागलाय, मुलानं फक्त कारणं जोडायची. रस चाखायला देतात तर तो गोड लागला की तुरट, हे तरी विचारा! बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलानं लिहिलं होतं की कवी एकच गोष्ट तीनदा सांगतो आणि तिसऱ्यांदा कंटाळा येतो. मी शेरा मारला, 'विषयांतर', आणि गुण कापले. तो मुलगा पुनरावृत्ती ओळखत होता, तिचा परिणामही सांगत होता, आणि विषय सोडला होता तो मी. ते दोन गुण अजून माझ्याकडे पडून आहेत.

आपल्याकडे ही सवय मुळात नव्हती असंही नाही. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली, तिचे ८४ अंक निघाले. त्यातली कितीतरी मतं मला आज मुळीच पटत नाहीत, फुल्यांवरची टीका तर नाहीच. पण तेव्हा 'निबंध' म्हटलं की कोणाशी तरी भांडण असे, आणि ज्याच्याशी भांडायचं त्याचं लिखाण समोर ठेवून भांडत. तोच शब्द आज 'माझा आवडता पक्षी: मोर'वर येऊन बसलाय.

इंग्रजी शाळांत सगळं आलबेल आहे असं मात्र कोणी समजू नये. आमच्या इमारतीत एका आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या शाळेतली आठवीची मुलगी आहे. तिनं एकदा आपला निबंध दाखवला: पाच परिच्छेद, पहिल्याच्या शेवटच्या ओळीखाली रंगीत रेघ, तो थीसिस. मधल्या तिन्ही परिच्छेदांत एकेक अवतरण. एक कानामात्रा इकडची तिकडे नाही. मी विचारलं, "तुला खरंच असं वाटतं?" ती म्हणाली, "नाही काकू, पण कोट्स ह्याचेच मिळत होते." मी बराच वेळ या उत्तराचा विचार केला. एका अर्थानं पोरगी बरोबर होती, पुरावा नेईल तिकडे गेली. पण तिकडे गेल्यावर आपलं मत बदललं पाहिजे की नाही, हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. साचा आमच्याकडे स्तुतीचा, तिच्याकडे पाच परिच्छेदांचा. म्हणून मी आकृतिबंध शेवटी शिकवते. आधी बोलणं, मग एक वाक्य, मग एक सांधा. पाच परिच्छेद झाले काय आणि तीन झाले काय.

माझे सहकारी पहिला आक्षेप घेतात तो वेळेचा, आणि तो खरा आहे. शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक सांगतो. माझ्या वर्गात ५५. एका निबंधाला दहा मिनिटं धरली तर एका फेरीचे नऊ तास दहा मिनिटं होतात, आणि फेऱ्या तीन. वर जनगणना आणि निवडणूक आहेच, कायद्याच्या कलम २७ नं त्या कामांना मुभा दिली आहे. म्हणून मी अख्खा निबंध तपासतच नाही. एक म्हणणं आणि एक सांध्याचा परिच्छेद, अर्धं पान. आठवड्याला अकरा वह्या, पाच आठवड्यांत वर्ग पुरा. बाकीचं मुलं एकमेकांचं वाचतात आणि 'कशावरून?' एवढंच लिहितात. ते लिहायला त्यांना फार आवडतं.

दुसरा आक्षेप, आधी शुद्धलेखन तरी येऊ दे. मुंबईत तो जास्त जोरात येतो. महापालिकेच्या शाळा आठ भाषांच्या माध्यमांत चालतात, आणि २०२० च्या कायद्यानं मराठी सगळ्याच मंडळांच्या शाळांत सक्तीची झाली. घरी भोजपुरी किंवा गुजराती बोलणाऱ्या मुलाच्या वहीत मराठी म्हणजे शब्दार्थ आणि गाळलेल्या जागा. पण ज्याला काही म्हणायचंच नाही त्याला वाक्य नीट करायची गरज का भासावी? त्या मुलीच्या वाक्यात स्वल्पविराम कुठे येतात हे मी दुसऱ्या दिवशी वर्गाला विचारलं. तो विरामचिन्हांवरचा माझा आजवरचा सर्वांत बरा तास झाला, कारण दोन मुलांनी स्वल्पविराम दोन वेगळ्या ठिकाणी टाकले आणि अर्थ कुठे बदलतो यावर भांडले.

तिसरा पेच मला सुटलेला नाही. परीक्षेत नसेल तर हे कोणी शिकवणार नाही, आणि परीक्षेत आलं की पुढच्या जूनमध्ये गाइडात 'चिमणी वाईट होती: म्हणणे व पुरावे' असं पान येईल. त्यातल्या त्यात मार्ग आकारिक मूल्यमापनाचा, म्हणजे वर्षभर वर्गात होणाऱ्या कामाला गुण देण्याचा. सातवी-आठवीला ६० गुण संकलितला, म्हणजे सत्रपरीक्षेला, आणि ४० आकारिकला आहेत. त्यात उपक्रम आणि प्रकल्प असे रकाने आहेत, जे आज स्टेशनबाहेरचा झेरॉक्सवाला भरतो. तयार मजकूर, रंगीत चित्रं, फाइलीसकट. तो एक रकाना या कामाला द्यावा. कोणता पाठ घ्यायचा ते बाईंनी ठरवावं, आणि लेखी अर्ध्या पानानंतर दोन मिनिटं तोंडी ठेवावीत. मोबाइलकडून लिहून आणलेला निबंध 'कशावरून?' या प्रश्नापुढे अर्धं मिनिटही टिकत नाही, हे मी चार वेळा बघितलं आहे. चौघांपैकी एकानं तिथेच उभ्या उभ्या स्वतःचं म्हणणं तयार केलं, ते मोबाइलच्या म्हणण्यापेक्षा चांगलं होतं.

आणि शेवटचा आक्षेप, जो मला खरंच टोचतो: साहित्य काय कोर्ट आहे का, पुरावे मागायला? कविता अशी चिमट्यात धरली की मरते. हे म्हणणारी माझी मैत्रीण स्वतः फार सुंदर कविता शिकवते, त्यामुळे तिचं मी ऐकते. सगळ्या कवितांवर हा प्रयोग करू नये. काही वाचाव्यात आणि तास संपेपर्यंत खिडकीबाहेर बघू द्यावं. पण 'थांब' मोजणारी ती मुलगी गोष्टीच्या जितकी जवळ गेली होती, तितकं जवळ 'मनाला भिडणारा' लिहिणाऱ्यांपैकी कोणी गेलं नव्हतं. मोजताना तिचे ओठ हलत होते.

शिबिरातल्या मुलानं पुढच्या सोमवारी वही दिली. म्हणणं तेच, एक अक्षर न बदलता: 'चिमणीने कावळ्याला आत घ्यायला नको होते.' खाली ओळीचा आकडा नव्हता. त्याऐवजी सरकारी अर्जाला लिहितात तसं लिहिलं होतं, 'सोबत: आजीची गोष्ट, पाने २.' मागे दोन पानं टाचणीनं लावलेली. आजीनं सांगितलेली, त्यानं उतरवलेली. त्या गोष्टीत कावळा आत येतो, रात्रभर कुटुर-कुटुर आवाज येतो, चिमणी विचारते काय खातोस, तो म्हणतो सुपारी खातो, आणि सकाळी बघते तर डब्यातले हरभरे संपलेले. 'रात्रभर' या शब्दाखाली त्यानं दोन रेघा मारल्या होत्या.

फळ्यावरची गोष्ट सोडून आणलेला पुरावा चालतो का, यावर मी वर्गाचं मत घेतलं. २८ विरुद्ध २६. एक जण गैरहजर होता, तो आल्यावर पुन्हा मोजायचं ठरलं आहे.